आक्कांचा सहाचा तास

आक्कांना माइक कधी लागला नाही. कोल्हापूरच्या एका कॉलेजात त्या कॉम्प्युटर शिकवत. त्यांचा ऑनलाइन तास सुरू झाला की मी इकडे गारगोटीत मोबाइल हातभर लांब धरायचे, तरी शब्दन्‌शब्द ऐकू यायचा.

गारगोटी, मलकापूर अशा गावांतल्या कॉलेजांची मोट त्यांनी बांधली होती. पुण्यातल्या महासंगणकावर आमच्यासारख्या खेड्यातल्या मुलींना, घरी कॉम्प्युटर नसलेल्यांना, डोळ्यांनी दिसत नाही अशांनाही काम करता यावं, एवढंच त्यांचं वेड. "यंत्र सरकारचं हाय, म्हंजे आपलंच हाय की!" असं म्हणत त्या थेट प्राचार्यांच्या खोलीत घुसायच्या.

माया भरपूर, पण नियम म्हणजे नियम. तीनदा गैरहजर, की नाव कट. तास दर बुधवारी संध्याकाळी सहाला, आणि सहाला मी गोठ्यात म्हशीची धार काढत बसलेली. आईचं मनगट मोडलं होतं आणि डेअरीत दूध वेळेवर पोचायला हवं होतं. हे आक्कांना सांगायची मला लाज वाटली. वेदगंगेचा पूर कुठवर चढेल, याचं गणित मी त्या यंत्रावर मांडत होते. नाव गेलं, तसं गणितही अर्ध्यावर राहिलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी आक्का घरी हजर! झापायलाच आल्या होत्या. आई म्हणाली, "बसा बाई. धार झाल्याबिगर ती उठायची न्हाय." आक्का गोठ्याच्या दारात बसून बघत राहिल्या. दुसऱ्या म्हशीची धार संपल्यावर विचारलं, "रोज ह्याच वेळंला?"

मी मान हलवली.

"आणि मी तास सहाला ठेवलाय. चुकलं कुणाचं? माझंच की!" त्यांचा आवाज इतका हळू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या तासाला त्यांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली, नाव परत घातलं. मग प्रत्येकीला विचारून तास आठला नेला. महासंगणक सांभाळणारे पुण्याचे साहेब वेळ बदलली म्हणून कुरकुरले, तेव्हा फोनवर ओरडल्या, "साहेब, म्हस तुमचं घड्याळ बघत न्हाय!" गळालेल्या आणखी दोघी परत आल्या. माझं गणितही पावसाळ्याआधी पुरं झालं.

आता मी गारगोटीतच शिकवते. यंदा आक्का निवृत्त झाल्या, मुलाकडे नागपूरला निघाल्या आणि ही सगळी मोट माझ्या गळ्यात घातली. स्टँडवर मला रडू आवरेना. म्हटलं, "आक्का, माझ्या हातनं चुका होतील."

"व्हतीलच की! माझ्या काय कमी झाल्या? चुकलीस की त्या पोरीच्या दारात जाऊन बस. तिथं कळतंय."

मागच्या महिन्यात काम अर्धवट ठेवलं म्हणून मलकापूरच्या एका मुलीला मी सगळ्यांसमोर बोलले. त्यानंतर ती तासाला आलेली नाही. उद्या सकाळच्या एसटीने मी तिच्या घरी निघालेय.