वंदनाचं दुकान

वंदना कित्येक वर्षं माझे केस कापते आहे. आधी ती दुसऱ्या बाईंच्या पार्लरमध्ये नोकरीला होती. निघताना मी तिच्या हातात वरचे थोडे पैसे ठेवायची. मालकिणीची नजर चुकवून ती ते खिशात सरकवायची आणि हसायची. ते हसू मला आवडायचं.

गेल्या महिन्यात तिनं मंडईमागे स्वतःचं पार्लर थाटलं. एकच खुर्ची, आणि आरशाला उद्घाटनाची झेंडूची माळ अजून तशीच. केस कापून झाल्यावर मी सवयीनं एक नोट जास्तीची ठेवली. तिनं ती अलगद माझ्याकडे सरकवली.

"ताई, आता हे नको."

"अगं, नेहमीचंच तर आहे."

"तेव्हा मी नोकरीला होते. आता दुकान माझं आहे."

आवाजात राग नव्हता, तरी मी कानकोंडी झाले. इतकी वर्षं मी प्रेमानंच देत होते. पण देताना माझा हात वर असायचा आणि घेताना तिचा खाली, हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. तिच्या मात्र दर वेळी आलं असणार. नोट परत पर्समध्ये ठेवताना मला उगाच काहीतरी गमावल्यासारखं वाटलं.

मी उठले, तशी ती म्हणाली, "बसा ना. चहा सांगितलाय."

घाई होती, तरी बसले. दोघींनी चहा घेतला. चहावाला पैशांसाठी थांबला, तेव्हा माझा हात पर्सकडे गेलाच होता. तो मी आवरला. पैसे वंदनानं दिले.