उसाखालची संध्याकाळ

आम्ही चौघीजणी सोलापुरातून रोज एकाच व्हॅननं नोकरीला जायचो. दोघी मोहोळला उतरायच्या. पुढच्या आडरस्त्याला उरायचो मी आणि सिस्टर. मी झेडपीच्या शाळेत मास्तरीण, ती त्याच गावच्या उपकेंद्रात नर्स. सगळा गाव तिला सिस्टर म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणायला लागले.

मी लग्न केलं नाही. आई-वडील गेल्यावर सोलापुरातल्या दोन खोल्यांत एकटीच राहत आले. शाळेत दिवसभर बोलते, पण ते पाढे आणि बाराखडी. माझ्याशी माझ्याबद्दल बोलणारी ती एकटीच होती. पन्नाशी ओलांडलेली, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली, मराठी आपल्यापेक्षा चुरचुरीत. कधी चिंचेचा पिवळा भात माझ्यासाठी जादा घेऊन यायची. म्हणायची, "एकटीसाठी काय चूल पेटवतीस? धर."

ती जानेवारीतली संध्याकाळ होती. दिवस मावळत होता आणि आम्ही दोघी परत निघालो होतो. आडरस्ता अरुंद, त्यात कारखाना चालू असल्यामुळे उसाची वाहतूक जोरात. समोरून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला, त्यावर मोठे कर्णे लावून गाणी चाललेली. ट्रॅक्टर बाजूनं गेला, पहिली ट्रॉली गेली. दुसरीचं चाक खड्ड्यात गेलं आणि ती आमच्या व्हॅनच्या मागच्या बाजूवर कलंडली.

मला मोठा आवाज आठवत नाही. अंधार आठवतो. टप खाली आला होता, फुटलेल्या काचांतून ऊस आत घुसला होता आणि कच्च्या, चेचलेल्या उसाचा गोड वास नाकातोंडात भरला होता. बाहेर गाणं चालूच होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. ड्रायव्हर पुढून निसटला होता, तो लोकांना हाका मारत होता.

सिस्टरचा हात माझ्या मनगटावर आला. सवयीनं तिची बोटं नाडीवर गेली.

"चालू आहे गं. छान चालू आहे. हळू श्वास घे."

"तुम्हाला लागलंय का?"

"माझं बघू नको. तू श्वास घे."

थोड्या वेळानं ती तेलुगूत बोलायला लागली. मला काही कळत नव्हतं. तेच तेच शब्द, आधी स्पष्ट, मग पुसट. मग बोटं सैल झाली. लोकांनी ऊस उपसून आम्हाला बाहेर काढलं तेव्हा माझ्या अंगावर नुसते ओरखडे होते. ती गेली होती.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "नशीब थोर तुमचं." मी मान हलवायची. पंधरवड्यानं शाळेत रुजू झाले. व्हॅनकडे बघवत नव्हतं, म्हणून बसनं जायला लागले, दाराजवळचा दांडा घट्ट धरून उभी. जागा रिकामी असली तरी बसत नव्हते. वाटलं, होईल हळूहळू.

झालं उलटंच. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत मुलांनी स्पीकरवर गाणं लावलं. ते गाणं दुसरंच होतं, नुसता ठेका तसला होता. पुढचं आठवतं ते एवढंच की मी ऑफिसातल्या टेबलाखाली होते आणि मुख्याध्यापक वाकून म्हणत होते, "बाई, बाई, काय झालं?" मला उसाचा वास येत होता. तिथं ऊस नव्हता.

उन्हाळा लागला आणि चौकाचौकात रसवंत्या उभ्या राहिल्या. चरकाची घुंगरं वाजली की माझे हातपाय गार पडायचे. भाजीला जायचं तर कुठल्या गल्लीत रसवंती नाही याचा विचार करून निघायची. मग निघणंच बंद झालं, शाळेतही रजा टाकली. झोप लागली की मी त्या व्हॅनमध्ये असायची, म्हणून झोपही टाळायला लागले. कुणी मागून हाक मारली तरी दचकायची. मैत्रिणी म्हणाव्या अशा त्या मोहोळच्या दोघी फोन करायच्या. मी उचलत नव्हते. बोलायचं काय? तिच्याशिवाय आमच्यात विषय नव्हता आणि तोच मला नको होता.

शेवटी भाऊ न्यायला आला. तो करमाळ्याकडं शेती करतो.

"अक्का, हितं एकटी काय करतीस? चल गावाकडं. मोकळ्या हवेत बरं वाटंल."

"रजा संपेल रे."

"संपू दी की. आदी तू हायेस, मग शाळा."

गेले. पण भावाच्या दारापर्यंत ऊस होता. धरणाचं पाणी आल्यापासून त्या बाजूला सगळीकडे ऊसच. वाऱ्यावर पाचट सळसळलं की मी कानांवर हात घ्यायची. वहिनीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, देवीला नारळ बोलली. "लई धसका घेतलाय वन्सं तुमी," म्हणाली आणि माझ्या डोक्याला तेल लावत बसली. तिची माया कळत होती. पण दुसऱ्याच दिवशी मी सोलापूरची गाडी धरली. आपल्याच माणसांत बसून आपण एवढे लांब असू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मे महिन्यात एका दुपारी छातीत एवढी धडधड झाली की वाटलं, हृदयच बंद पडणार. रिक्षानं दवाखान्यात गेले. कार्डिओग्राम चांगला निघाला. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "अलीकडं काही घडलंय का तुमच्या बाबतीत?"

एवढ्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. कारण सगळ्यांना माहीतच होतं. मी बोलायला गेले आणि रडूच आलं. त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

ते डॉक्टर वयस्कर, शांत होते. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, पीटीएसडी. म्हणाले, "हे सैनिकांनाच होतं असं नाही, आणि मन कमकुवत असतं म्हणून होतं असंही नाही. साधी आठवण मेंदू 'झालं, गेलं' म्हणून ठेवून देतो. ही तशी ठेवली गेलेली नाही. म्हणून वास आला, ठेका ऐकला की शरीराला वाटतं, आत्ताच घडतंय."

"मग मी ते विसरणार कशी?"

"विसरायचं नाही. आठवण राहील. 'आत्ता घडतंय' हे वाटणं कमी करायचं."

त्यांनी एक गोळी सुरू केली आणि सांगितलं, परिणाम दिसायला काही आठवडे जातील. स्वप्नांसाठी रक्तदाबाची एक जुनी गोळी काही जणांना उपयोगी पडते, गरज लागली तर बघू, म्हणाले. मी नव्या उपचारांबद्दल विचारलं, कारण मोबाइलवर नको ते वाचून ठेवलं होतं. ते हसले. "चष्म्यातून खोटा रस्ता दाखवून भीती घालवण्याचे उपचार आहेत. काही नव्या औषधांवर बाहेर प्रयोग चालू आहेत, त्यांचा निकाल अजून पक्का नाही. पण नजर डावी-उजवीकडे फिरवत आठवणीवर काम करायची एक पद्धत चांगली पारखलेली आहे आणि ती सोलापुरात मिळते."

त्या पद्धतीला ईएमडीआर म्हणतात. मला तो जादूटोणाच वाटला. पण त्यासाठी ज्या बाईंकडे पाठवलं, त्यांनी सुरुवातीला अपघाताला हातच लावला नाही. आधी मन शांत होईल अशी एक जागा डोळ्यांपुढं आणायला शिकवलं. मला जागा सापडेना. घर म्हटलं तर रिकाम्या खोल्या दिसायच्या. मग अचानक लहानपणीचं आमचं शेत आठवलं, खतासाठी धनगरांनी बसवलेली मेंढरं, थंडीतल्या सकाळी त्यांच्या अंगाची ऊब आणि तो लोकरीचा उग्र वास. बाई म्हणाल्या, "हीच धरा."

मग एका दिवशी त्या समोर बसल्या. "त्या प्रसंगातलं सगळ्यात वाईट चित्र मनात आणा आणि माझ्या बोटांकडे बघत राहा. काही अडवू नका. काय येतं तेवढं सांगा." बोटं डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. माझे डोळे त्यांच्यामागे. थोडं झालं की त्या थांबायच्या.

"काय आलं?"

"वास."

"चला, पुढं."

पहिल्या दिवशी मी घामानं भिजले आणि घरी येऊन तापात पडल्यासारखी पडून राहिले. परत जायचं नाही असं ठरवलं होतं. पण पुढच्या आठवड्यात गेले, कारण आठवडाभरात तेवढं एकच ठिकाण असं होतं जिथं माझी कुणी तरी वाट बघत होतं.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला वासाच्या मागून सिस्टरचा आवाज आला. तेलुगू शब्द जसेच्या तसे. मी मोठ्यानं म्हणाले, "इंटिकी पोदाम पा." अर्थ मला ठाऊक नव्हता. इतके दिवस पोटात एकच भीती होती, की ती मदत मागत होती आणि मला कळलं नाही.

बाई म्हणाल्या, "विचारावंसं वाटतं का कुणाला?"

सिस्टर तिच्या थोरल्या बहिणीबरोबर राहायची. मी इतके महिने तिकडं फिरकले नव्हते. गेले तेव्हा थोरली उंबऱ्याशी बसून विड्या वळायला तेंदूची पानं कातरत होती. मला बघून सूप बाजूला केलं.

"बसा की. वाट बघून डोळे गेले माझे."

मी चहा होईपर्यंत थांबले आणि मग ते शब्द उच्चारले. तिनं कप खाली ठेवला.

"ती म्हणाली असं?"

"शेवटी तेच म्हणत होती. परत परत."

"घरी जाऊ या, चल, असा अर्थ हाय त्याचा." मग म्हणाली, "लहानपणी मी खेळायला रमले की हात धरून ओढायची मला. हेच म्हणायची."

आम्ही दोघी रडलो. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि परत कात्री उचलली. दुपारच्या विड्या कारखान्यात पोचवायच्या होत्या तिला.

त्यानंतर पावसाळाभर उपचार चालले. स्वप्नं विरळ झाली. अपघाताचं चित्र मनात आणलं तर ते लांब दिसायला लागलं, दुसऱ्या काठावरून बघावं तसं. दिवाळीनंतर मी पुन्हा व्हॅननं जायला लागले. ऊस भरलेली ट्रॉली आली की छाती अजून धडधडते. मी पाय जमिनीवर टेकवते, ट्रॉली निघून जाते. उपकेंद्रात नवीन नर्स आली आहे. चांगली पोरगी आहे, पण गाडीत बसली की कानात वायर घालून डोळे मिटते.

शेवटच्या भेटीत मी बाईंना म्हणाले, "आता मला तिची आठवण येते. आधी यायची नाही. आधी ती रोज तिथं असायचीच. वाईट रूपात का असेना, पण असायची. आता नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "हे दुःख आहे. याला गोळी नाही."

बाहेर आले तर दुपारचं ऊन पडलं होतं, रस्ता मोकळा. उपचार संपले, हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. फोन हातात घेऊन नावं वर-खाली केली आणि भावाला लावला. तो मोटारीजवळ असावा, मागं पाण्याचा आवाज येत होता.

"बरी झाले रे मी. डॉक्टर म्हणाले आता यायला नको."

"लई झ्याक झालं की अक्का!" तो ओरडून म्हणाला. मग म्हणाला, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेव मग," तो म्हणाला आणि पाटाचं पाणी फुटलं म्हणून पळाला.