लिनक्सला मी आडवा का आलो

घरातला कॉम्प्युटर बदलायचा की नाही, या एका प्रश्नापायी आम्ही नवरा-बायकोनं एक अख्खी लगीनसराई वाया घालवली. खरं म्हणजे मी घालवली. ‘आम्ही’ लिहिलं की जरा हलकं वाटतं, म्हणून तसं लिहिलं गेलं.

तेव्हा आम्ही सीमेपलीकडच्या कानडी मुलखात, राजेश्वरला राहायचो. मी मराठी शाळेत मास्तर. बायको अफजलपूरकडची, कन्नड शाळेत शिकलेली. मराठी तिला लग्नानंतर आली, पण अशी आली की बाजारात लोक तिला सोलापूरची समजायचे. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, घर रिकामं झालं, तेव्हा तिनं टायपिंगचा क्लास लावला आणि छापायच्या लग्नपत्रिकांचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवायचं काम घरी आणलं. आमच्या भागात हे काम तिच्यासारखीनंच करावं. मुलगी कानडी आळंदकडची, मुलगा मराठी उदगीर-निलंग्याचा, अशी लग्नं इथं रोजची. पत्रिकेची एक बाजू मराठी, एक कन्नड. कुठली बाजू वर घ्यायची यावरून सुपारी फुटल्यावरही माणसं रुसतात. तिच्याकडं दोन्हीकडचे यायचे, आणि दोघांनाही ती आपलीच वाटायची. त्याचा तिला अभिमान होता. बोलून दाखवायची नाही, पण पाहुण्यांनी पत्रिकेची तारीफ केली की त्या दिवशी भाजीत तिखट जरा जास्त पडायचं.

काम तिचं, कॉम्प्युटर मात्र माझ्या ताब्यात. सुटे भाग जोडून घेतलेला, विंडोज भरलेला डबा. पेनड्राइव्ह हुमनाबादच्या प्रेसला जायचा आणि येताना व्हायरस घेऊन यायचा. फोल्डर उघडायला जावं तर फोल्डर गायब, जागेवर नुसता शॉर्टकटचा बाण. मग मशीन रांगायला लागायचं, आणि एक दिवस बसायचंच.

“ओ, या की जरा. बसला बघा पुन्हा.”

मी शाळेतून आल्या आल्या, हातपाय न धुता फॉर्मॅट मारायला बसायचो. विंडोजची सीडी, फाँटची सीडी, प्रिंटरची सीडी, सगळ्या माझ्या कपाटात. कपाटाला कुलूप. “हरवतील,” असं मी सांगायचो. एकदा ती म्हणाली, “मला दाखवा की कसं करायलाव ते.” मी म्हणालो, “एक बटण चुकलं की सगळं जातंय. तुला जमायचं न्हाई.” त्यात न जमण्यासारखं काही नव्हतं. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, आणि मध्ये चहा.

त्या साली लगीनसराईच्या तोंडावर असाच एकदा फॉर्मॅट मारला आणि शाळेतल्या सोबत्याकडून आणलेला एक नवा मराठी फाँट भरला. दिसायला देखणा होता. बायकोनं त्यात एका घरची पत्रिका जुळवली, मी पेनड्राइव्ह प्रेसला पोचवला. तो फाँट प्रेसच्या कॉम्प्युटरवर नव्हता. त्या मशीननं मराठीच्या जागी आपल्याकडचा कन्नड फाँट लावला, आणि तिथं कुणी वाचून बघितलं नाही. पत्रिका छापून थेट उदगीरला गेल्या.

नवरदेवाचा चुलता गठ्ठा घेऊन आमच्या दारात आला. पायताण न काढताच बोलायला लागला.

“मास्तर, दोन्ही बाजूला कानडी कामून छापलाव? पोरगी करून घ्यायलाव आमी, गाव न्हाई दिलं त्यांना!”

बायकोनं पत्रिका हातात घेतली. मराठी बाजूवरही कन्नड अक्षरं होती. तिनं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

“काका, ही कानडी न्हाईच. नुसती अक्षरं हायत, ह्याला काही अर्थ न्हाई.”

“आम्हाला वाचता येत न्हाई म्हणून काहीबी सांगायलीस व्हय? मुलीकडच्यांनी शिकवलं असंल तुला. तू बी तिकडचीच की.”

तिनं पत्रिका त्याच्या हातात परत दिली आणि आत गेली. ‘प्रेसवाल्याची चूक आहे’ असं मी चुलत्याला सांगितलं, परत छापून द्यायचं कबूल केलं, बसवून चहा पाजला. माझ्या नव्या फाँटचं नाव काढलं नाही.

पण बोल लागायचा तिथं लागला होता. पुढच्या काही दिवसांत मराठीकडची दोन घरं येतो म्हणून आली नाहीत. ‘ती बाई तिकडच्यांचं धरते’ हे उदगीरपर्यंत पोचलं होतं. तिनं पुण्याला फोन लावला. मुलगा आईशी अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलतो. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

“अव्वा, सोड तो जुना डबा. विंडोज काढून लिनक्स टाकू. पेनड्राइव्हच्या व्हायरसची कटकट संपली. अक्षरं युनिकोडमधली, मराठी मराठीच राहणार, कन्नड कन्नडच. फक्त बटणं नव्यानं शिकावी लागतील तुला.”

“शिकते की. कुठं गाव चालवायचंय मला?”

“मी येऊन टाकून देतो. नंतर काही अडलं तर डायरेक्ट मला फोन कर. अप्पाला उगं त्रास नको.”

अप्पाला त्रास नको. पोरगं मायेनं बोललं होतं. मी पेपर वाचत होतो, तो तसाच धरून राहिलो.

त्या दिवसापासून मी आडवा यायला लागलो. नवीन बटणं शिकेपर्यंत लगीनसराई संपेल. प्रिंटर चालेल की नाही कुणास ठाऊक. जुन्या सगळ्या पत्रिका त्यात उघडणार नाहीत, दरवेळी गणपतीपासून सुरुवात करावी लागेल. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून तर मला इतका जोर चढायचा. शेवटी मी हुकमाचं पान टाकलं, “तू इथं काहीबी कर, प्रेसला ते उघडणार न्हाई.” मुलगा फोनवर म्हणाला, “पीडीएफ करून द्यायची. प्रेसवाल्याला विचारून तर बघा.”

विचारायला मीच गेलो. प्रेसवाला शाईचे हात पुसत म्हणाला, “देओ ना मास्टरसाब, पीडीएफ देओ. मेरेकू क्या है? उल्टा फाँट का झंझट गया.”

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती. बाहेर तुरीची रिकामी शेतं. घरी जाऊन हे सांगायचं, एवढंच काम होतं.

“काय म्हणाला?” तिनं दारातच विचारलं.

“बघून सांगतो म्हणाला.”

का, ते मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही. शाळेतला माझा वर्ग रोडावत चालला होता. हायवेवर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी फिरायला लागली होती आणि आमचीच माणसं लेकरं तिच्यात बसवत होती. गावात आधी कागद वाचून घ्यायला, अर्ज लिहून घ्यायला लोक यायचे, तेही थांबले होते. दिवसभरात मला कुणाची हाक यायची म्हणाल तर ती एकच. ‘ओ, या की जरा.’ त्या हाकेसाठी मी तो डबा बिघडता ठेवला. हे कारण आहे, सबब नाही. तिचं काम बुडत होतं आणि मला ते दिसत होतं.

मशीन पुन्हा बसलं. मी पुन्हा फॉर्मॅट मारला. ती पाठीमागं उभी राहून म्हणाली, “अजून सांगितलं न्हाई का प्रेसवाल्यानं?” मी म्हणालो, “गडबडीत असंल.” मग एका दुपारी मुडबीहून एक जोडपं पोरीच्या लग्नपत्रिकेचं काम घेऊन आलं. माझ्यादेखत तिनं त्यांना सांगितलं, “न्हाई हो अक्का, मी आता काम घेत न्हाई. भरवसा न्हाई ह्या मशीनचा.” ते दोघं उन्हात परत गेले. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. नंतर तिच्यावरच ओरडलो, की आलेलं काम कशाला घालवलंस.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना ती जीपनं हुमनाबादला प्रेसवर जाऊन आली. मी घरी आलो तर ओट्यावर बसली होती, चेहऱ्यावर रस्त्याची धूळ तशीच.

“त्यो तर म्हणतोय, मास्तरला कवाच सांगितलो.”

“विसरलो असेन.”

“तुम्ही?” ती म्हणाली. “पोराचे पहिलीचे मार्क अजून पाठ हायत तुम्हाला.”

मी भांडणाची वाट बघत होतो. भांडण झालं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. तिनं माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला आणि म्हणाली, “ह्या रविवारी ये. येऊन टाक ते.”

मुलगा आला, टाकून गेला. त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. लिनक्स आलं म्हणून घरात दिवे लागले असं काही झालं नाही. जिथं आधी ‘क’ होता तिथं भलतंच अक्षर यायचं आणि ती कन्नडमध्ये कॉम्प्युटरच्या सात पिढ्या काढायची. प्रिंटर ओळखच द्यायला तयार नव्हता. मी पाठीमागं जाऊन उभा राहिलो. काय चाललंय ते मला एका अक्षरानं कळत नव्हतं, तरी “केबल बघ,” म्हणालो.

“तिथं उभं राहू नका. उजेड अडायलाय.”

मी बाजूला झालो. तिनं फोन खांद्यानं कानाशी धरला, मुलाला विचारत विचारत काय काय टाइप केलं, चिडली, फोन आपटला, परत लावला. मला हाक आली नाही. संध्याकाळच्या सुमारास प्रिंटर घरघरला.

मुडबीच्या जोडप्याला तिनंच निरोप धाडला होता. त्यांच्या पत्रिकेची कच्ची प्रत प्रिंटरमधून निघाली तशी ती माझ्यापुढं आणून ठेवली. “मराठी बाजू वाचून द्या. घाई न्हाई.”

मी लाल पेन घेऊन बसलो. एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. मामा, आत्या, आजोळची माणसं, सगळी ज्याच्या त्याच्या मानाच्या जागी. वेलांट्या जागच्या जागी. खोटं कशाला सांगू, एखादी तरी चूक सापडावी असं मला मनापासून वाटत होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाट बघत होती.

“काय झालं? हाय का काही?”

“न्हाई,” म्हणायला मला बराच वेळ लागला.