चाचणीचे पेशंट

एक लायब्ररी डाउनलोड केली की तिच्यामागं चाळीस येतात, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला, आयता वापरायचा कोड. किस्स्यांचंही तसंच, एक सांगायला घेतला की पाच मागून येतात. रायपूरला शंकर नगरात, टाइल्सच्या दुकानावर, आमचं चार खुर्च्यांचं ऑफिस आहे. तिथल्या बहुतेक गोष्टींना शेवटी कारण सापडलं. सगळ्यांना नाही!

चारपैकी एक खुर्ची रिकामी असते. ती रामटेके दादांची. अभनपूरजवळच्या एका दवाखान्यासाठी दादांनी एकट्यानं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. सिकलसेलच्या पेशंटला तपासणीच्या दिवशी सकाळी मेसेज जातो. रक्ताचा आजार हा, तपासणी चुकवून चालत नाही. दादांच्या मुलीला, प्रज्ञालाही तोच आहे, म्हणून त्यांचा त्या कामात इतका जीव. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी सकाळपासून "गॅस झाला" म्हणत राहिले आणि संध्याकाळी गेले. हार्ट अटॅक. मला अजून त्या खुर्चीत पर्सही ठेववत नाही.

*

सॉफ्टवेअर तपासायला सगळे खोटे पेशंट बनवतात. नाव अबक, नंबर सगळे नऊ. दादांना ते चालायचं नाही. "खोट्या नावावर तपासलं तं माणूस खोटंच तपासते," म्हणायचे. म्हणून त्यांच्या चाचणीच्या यादीत आम्हीच पेशंट! मी, आमचे मालक मेश्राम सर, माझ्या शेजारी बसणारा देवांगन आणि प्रज्ञा.

एकदा सकाळी चाचणीचा मेसेज सरांना गेला, "आज खून की जाँच है, खाली पेट आइए." मी घाबरून सांगायला गेले की सर, ते खरं नव्हतं. सर दुपारी बारापर्यंत उपाशी बसलेले!

"अहो सर, काहून?"

"रामटेकेनं लिहिलं, म्हणजे काही असन."

*

मला नवनवीन टूल शोधायचा नाद. नवरा व्यसन म्हणतो. दादा गेल्यावर मी एक टूल बसवलं, आपण ओळ सुरू केली की पुढची ते सुचवतं. आपला जुना कोड वाचून शिकतं. पहिल्याच दिवशी मी घाईघाईत दोन शब्द टाइप केले आणि टूलनं पुढं लिहिलं:

"हळू. घाई कोणाले आहे?"

हे दादांचं वाक्य. दिवसातून दहादा म्हणायचे. देवांगननं खुर्ची फिरवली, स्क्रीन पाहिली. "दीदी, दादा अभी भी सीनियर हैं!"

पोट धरून हसलो आम्ही. जुना कोड वाचतं म्हटल्यावर त्यांनी कोडच्या मध्ये लिहिलेल्या टिपाही वाचणारच. संध्याकाळी सहज म्हणून मी जुन्या कोडमध्ये ते वाक्य शोधलं. कुठंच नव्हतं. दादा ते बोलायचे फक्त, लिहिलं एकदाही नव्हतं.

सरांना सांगितलं. आम्ही दोघंही बौद्ध घरातले, सर तर भाषणं देणारे. चष्म्यावरून बघत म्हणाले, "देवालेच मानत नाही आपण, तं भुताले काहून मानाव?"

*

मग मी दुसरं टूल आणलं. न वापरला जाणारा कोड ते शोधून देतं. दादांच्या एका फाइलपुढं त्यानं लिहिलं, हिला कोणीही बोलावत नाही. मी फाइल काढली. सगळे मेसेज बंद! परत ठेवली. सुरू! तीनदा केलं, तीनदा तेच.

सर म्हणाले, "घरातही न बोलावता येणारेच काम करते, ज्योती."

*

कोणती ओळ कोणी आणि कधी लिहिली, हे दाखवणारंही टूल असतं. त्यात एका फाइलपुढं दिसलं: रामटेके, गेला गुरुवार. देवांगनच्या हातातला चहा सांडला. पण याला कारण सापडलं. दादांचं लॉगिन कोणी बंदच केलं नव्हतं, आणि फाइलींची नक्कल करायचं काम त्यांच्या नावानं आपोआप चालत होतं.

"सापडलं ना?" सर खूश.

त्याच दिवशी मी दादांचं लॉगिन बंद केलं. पुन्हा असं काही नको म्हणून मेसेज पाठवणारी त्यांनी लिहिलेली लायब्ररी काढून बाजारात नाव असलेली नवी बसवली. सुचवणारं टूल काढलं. चाचणीची यादी पुसली, आमच्या चौघांच्या नावांसकट.

*

आठवडाभरानं रामटेके वहिनी ऑफिसला आल्या. प्रज्ञा हॉस्टेलला असते. दवाखान्याचं नाव काढलं की भांडते. सहा महिन्यांत एकदाही तपासणीला गेली नव्हती आणि आईनं विचारू नये म्हणून नंबरच बदलला होता.

"पोट्टी कोणाचंच आयकत नाही," वहिनी दादांच्या खुर्चीकडं बघत म्हणाल्या. "बापाचंच आयके. तू मेसेज पाठवून पाह्य नं."

मी प्रज्ञाचं नाव जुन्या नंबरासकट पेशंटांच्या यादीत घातलं. मेसेज परत आला. नवा नंबर ना आईकडं, ना आमच्याकडं. वहिनींना फोन करून तसं सांगितलं.

*

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, प्रज्ञा स्वतःच दारात उभी. पांढरीफटक, हातावर सलाइनची पट्टी.

"दीदी, ये किसने भेजा?" तिनं फोन पुढं केला.

"प्रज्ञा, आज दवाखान्यात जाजो. हळू जाजो. घाई कोणाले आहे?"

आमचे सगळे मेसेज हिंदीत जातात.

"मराठी में सिर्फ बाबा लिखते थे," ती म्हणाली. "मैं रोते रोते चली गई. डॉक्टर ने उसी वक्त भरती किया. खून चढ़ाया. बोले, दो दिन और रुकती तो..." मी तिला जवळ घेतलं, बसवलं.

देवांगननं आमच्याकडून गेलेल्या मेसेजांची यादी काढली. प्रज्ञाला मेसेज आला त्या दिवसाची, आदल्या दिवसाची. एकदा वर, एकदा खाली. "नहीं है दीदी. हमारे यहाँ से गया ही नहीं."

"हॉस्टेलच्या कोणत्यातरी मैत्रिणीनं पाठवला असन," सर म्हणाले. दोन दिवसांपासून ते छाती चोळत होते, ॲसिडिटी म्हणत होते. "हे पाहा, प्रत्येक गोष्टीले कारण असते. देवालेच मानत नाही आपण, तं..."

त्यांच्या खिशातला फोन वाजला.

सरांनी तो काढला, वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फोन माझ्यापुढं सरकवला.

"सर, आज दवाखान्यात जाजा. घाई करा."

प्रज्ञा हळूच उठली आणि तिनं सरांचा दंड धरला.

"देवांगन," सर म्हणाले, "गाड़ी निकालो."