सत्तेचाळीस नंबरची कॅसेट

वार्डन साहेबानं माझ्या पोरीच्या हातातली कॅसेट घेतली, फितीत बोट घातलं आणि ओढायला लागला. हातभर. दोन हात. पार फरशीला टेकेपर्यंत. शाळेचा हॉल भरलेला. पोरं हसत होती.

"धुणेवाल्याच्या पोरीला इंग्रजी गाणी पाहिजेत," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "काय रे, एक अक्षर तरी कळतं का यातलं तुम्हा लोकांना?"

सुमी नऊ वर्षांची. हसणाऱ्या पोरांकडं ती बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती. आबा आता बोलेल, म्हणून.

मी काय बोललो ते पुढं सांगतो. ते सांगायलाच लिहायला बसलोय.

पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत मी कपडे धुवायच्या कामावर होतो. नव्वद साल उलटून गेलं होतं. शाळेच्या मागं पत्र्याची खोली. तिथं मी, सुमी आणि सुमीची आई. पोरांच्या कपड्यांना नंबर शिवायचं काम तिच्याकडं. आम्हाला पोरं नावानं ठाऊक नव्हती, नंबरानं. बावीसच्या मोज्यांना भोकं. एकतीस अंथरूण ओलं करायचा. सत्तेचाळीसच्या खोलीत टेप होता आणि त्यावर दिवसभर एकच इंग्रजी ब्यांड. पाच गड्यांचा. सुमी वाळत घातलेल्या चादरींच्या आड उभी राहून ऐकायची. भांडी घासताना तिची मान हलायची. लय वेड.

पोरांच्या खिशात जे घावेल ते डब्यात टाकायचं आणि शनिवारी मेट्रनबाईंच्या हवाली करायचं, असा नियम. पेन, गोळ्या, एकदा तर सोन्याची साखळी. सगळं दिलं मी. ही कॅसेट खिशात घावली नव्हती. फीत तुटली म्हणून सत्तेचाळीसनं स्वतः कचऱ्याच्या पिंपात टाकली होती. सुमीनं उचलून आणली. कचऱ्यातलं कुणाचं असतंय? मला तसं वाटलं. तीच माझी चूक. कचरा पण त्यांचाच असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

सुमीच्या आईनं तुटलेली टोकं नखाएवढ्या चिकटपट्टीनं जोडली. नंबर शिवून हात बारीक कामाला बसलेला. मधला चुरगळलेला तुकडा कापावा लागला. त्यामुळं तिसऱ्या गाण्यात एका जागी उडी बसायची. गाणारा गडी वर चढायला लागला की खाडकन पुढचीच ओळ. सासऱ्यानं सांगलीहून दिलेला जुना टेप होता आमच्याकडं, त्यावर ऐकायचो. त्या उडीला सुमीची आई दर खेपेला म्हणायची, "पडला बघा गडी!" मग तिघंही हसायचो.

शब्द कळत नव्हते. ढोल कळायचा. तो गडी कुणावर तरी चिडलाय, हे कळायचं. चिडणं काय इंग्रजीत वेगळं असतंय?

गॅदरिंगला मोठ्या पोरांनी तेच गाणं वाजवलं. आम्ही कामगार मागं भिंतीला उभे. सुमी मोठ्यानं गायला लागली. उडीची जागा आली आणि ती एकटीच पुढच्या ओळीवर गेली. मागच्या रांगा वळून हसल्या. गाणं संपल्यावर साहेब आला.

"कुठं शिकलीस गं हे?" गोड बोलला.

पोरगी खूश. "आमच्याकडं कॅसेट हाय की!" धावत खोलीवर गेली, घेऊन आली. कौतुक होईल म्हणून.

साहेबानं सत्तेचाळीसला पुढं बोलावलं. "तुझी का ही?"

"येस सर."

"तू दिलीस हिला?"

"नो सर."

दोन्ही खरंच होतं. फेकली होती, एवढं मात्र तो बोलला नाही.

मग साहेबानं फीत ओढली. ओढता ओढता तो जोड त्याच्या बोटांत आला. चिकटपट्टी दिव्यात चकाकली. त्याचा हात थांबला. अंगठ्यानं चाचपून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं. तुटकी कॅसेट कुणी चोरतं का? मला फक्त बोट दाखवायचं होतं. साहेब, तो जोड बघा. एवढंच.

मी हात जोडले.

"चुकलं सायेब. पोरगी हाय. माफी करा."

हे बोललो मी.

त्यानं कागद लिहिला. मुलाची वस्तू चोरली, पुन्हा होणार नाही. मी तिसरीपर्यंत शिकलेला. वाचता येत होतं. वाचून सही केली.

खोलीवर सुमीची आई भाकरी थापत होती. सगळं ऐकलं आणि तिचा हात थांबला.

"जोड दिसला न्हाई त्यास्नी?"

"दिसला."

"तुमी दावला?"

मी खाली बसून चपला काढायला लागलो.

"आवं, मग चोर कोण ठरलं? ही नऊ वर्साची?" भाकरी तव्यावर करपत होती. "मी हातानं जोडल्यालं चोरीचं ठरवून आलासा तुमी."

सकाळी मी ऑफिसात गेलो. पहिल्यांदाच चपला दारात न काढता.

"सायेब, कालचा कागद द्या. खोटा हाय त्यो. कॅसेट कचऱ्यात हुती. जोड तुमच्या हाताला लागला हुता."

"सही तुझीच आहे ना?"

"सही माझी. चोरी न्हाई."

"काम करायचंय की नाही?"

"न्हाई करायचं. कागद द्या."

दिला नाही. कागद फायलीत, फाईल कपाटात, चावी खिशात. दुपारी आम्ही खोली सोडली. एसटीत सुमीनं एकदाच विचारलं, "आबा, कॅसेट?" ती फीत हॉलमधल्या कचऱ्याबरोबर झाडली गेली असेल.

पुढं साताऱ्याला एमआयडीसीत हेल्परकी केली. सुमी शिकली. सांगलीला दवाखान्यात नर्स आहे. ब्यांड तिनं सोडला नाही, चाळिशीतही मोबाईलवर तोच. सुमीची आई दोन महिन्यांमागं गेली. आजारात सगळं विसरत चालली होती, पण मला विचारायची, "आवं, कागद आणलासा?"

जलदानविधी झाला, पाव्हणे गेले. सुमीनं तिसरं गाणं लावलं. मोबाईलवर गाणं सबंध असतंय. गडी वर चढत गेला, चढतच गेला. पडला नाही. मला ऐकवेना. "बंद कर," म्हणालो. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. दारापर्यंत जातो, परत येतो.

आणि मागल्या आठवड्यात शाळेतून फोन. सत्तेचाळीस. कपड्यावरचा नंबर त्यानंच सांगितला. आता शाळेच्या कमिटीवर आहे.

"काका, जुन्या कामगारांचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. याल ना?"

"माझी याद हाय तुमाला?"

"हो तर!"

"कॅसेटची?"

पलीकडं तो हसला. "अहो काका, लहान होतो आम्ही."

सुमी त्याच्याहून लहान होती.

सुमी म्हणते, "आबा, जाऊ नगासा." मी जाणार. त्याच हॉलमध्ये, माइकवर, ती कॅसेट कुणी फेकली ते सत्तेचाळीसच्या तोंडून वदवून घेणार. कपाटातला कागद मागणार. सापडला नाही तर नवा लिहायला लावणार, खरा, आणि खाली सही त्याची. तो हातात पडेपर्यंत शाल खांद्यावर घेणार नाही, जागचा हलणार नाही.

ह्या खेपेला हात जोडणार नाही. बोट दाखवणार.