अंधारमामाचं पहिलं वाक्य

माझा थोरला भाऊ तारांगणात निवेदक होता. घुमटाखाली, शेवटच्या रांगेच्या मागे लाकडी कठड्याचा एक कोपरा होता, त्यात बसून तो आलेल्या लोकांना विश्वाचा जन्म सांगायचा. एक हात दिव्यांच्या खटक्यावर, दुसऱ्या हातात माईक. रोज विश्व निर्माण करणारा हा माणूस घरी चहा गाळताना अर्धा ओट्यावर सांडायचा. वहिनी म्हणायची, "अहो विश्वकर्ते, फडकं तिथेच आहे, खुंटीवर."

'अंधारमामा' हे नाव माझ्या मुलीनं ठेवलं. तिला तिथे पहिल्यांदा नेलं तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागली होती. दादा दिवे हळूहळू घालवायचा आणि मग काहीच करायचा नाही. तारे नाहीत, संगीत नाही, आवाज नाही. आधी पोरं खिदळायची, कुणी शिट्टी मारायचं, कुणी खोकायचं. मग हसू विरायचं. स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही हे एकेकाच्या लक्षात यायचं. दादा वाट पाहत असायचा ती कुणीतरी कुणाला तरी हाक मारण्याची. रोज कुणीतरी मारायचंच: "आई, आहेस ना?" त्या हाकेनंतरच तो बोलायचा, "मुलांनो, हा अंधारसुद्धा नव्हता."

त्या दिवशी ती हाक माझ्या मुलीचीच होती. रात्री ती म्हणाली, "आई, मी नव्हते तेव्हा तू काय करायचीस?"

"तुझी वाट बघायचे," मी म्हटलं.

"पण तुला मी माहीतच नव्हते ना?"

शिकलेली बाई मी, पण नुसतं तिचं पांघरूण सारखं केलं. दादाला मात्र असे प्रश्न रोजचे होते. खेळ संपला की पोरं कठड्याला लोंबकळायची. त्याआधी काय होतं? तो सांगायचा, काही शास्त्रज्ञ म्हणतात, काळच तेव्हा सुरू झाला, म्हणून 'आधी' म्हणायला जागाच नाही. काही म्हणतात, आधी एक विश्व होतं, ते मिटलं आणि हे उघडलं. काहींच्या मते निव्वळ रिकामेपण टिकत नाही, त्यात आपोआप काहीतरी खळबळतं.

"आणि कुणी बनवलं असेल तर?"

"तर तोच प्रश्न त्या बनवणाऱ्याला विचारायचा."

"काका, तुम्हाला काय वाटतं?"

"मला? मला वाटतं काहीच नसणं किती सोपं होतं. तरी हे सगळं आहे. का आहे, ते मला माहीत नाही. आणि आता मला भूक लागलीय, पळा."

मग त्याचा घसा बसला. सर्दी, धूळ, जास्त बोलणं, अशी कारणं आम्ही पुरवून पुरवून वापरली. शेवटी घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. जीव वाचेल, बोलणं जाईल. दादानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "त्याआधी एकदा सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवू दे." त्याला दुसरं काही नको होतं. आपण नसलो तरी आपण सांगतो तसंच ते सांगितलं जावं, एवढंच.

गादीसारख्या भिंतींच्या खोलीत बसून त्यानं अख्खं निवेदन एका दमात म्हटलं. मी काचेपलीकडे होते. सुरुवातीला तो डोळे मिटून कितीतरी वेळ गप्प राहिला, नेहमीसारखा. रेकॉर्डिंगवाल्यानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी मान हलवली, असू द्या म्हणून.

शस्त्रक्रियेनंतर घर फार शांत झालं. दादाजवळ एक पाटी आली. वहिनी भांडायची, तो लिहायचा, पण त्याचं लिहून होईपर्यंत तिचा राग उतरलेला असायचा. "भांडणाची मजाच घालवलीत," असं म्हणून ती एकदा मोरीत जाऊन रडली.

तो हिंडायला-फिरायला लागल्यावर आम्ही सगळे नव्या खेळाला गेलो. दिवे गेले आणि लगेच, पोरांचे खाऊचे कागद अजून वाजत असताना, वरून दादाचा आवाज आला: "मुलांनो, हा अंधारसुद्धा नव्हता." एक पोरगा ओरडला, "मग दिवे कशाला घालवले!" सगळे हसले. दादानं पाटीवर लिहिलं आणि ती अंधारातच माझ्या हातात दिली. दिवे लागल्यावर मी वाचलं: "माझं पहिलं वाक्य कापलं."

रेकॉर्डिंगवाला भला माणूस होता. "काका, तिथे तुम्ही बोलतच नव्हतात. मला वाटलं, दम खाताय. दहा सेकंद मोकळे घालून देतो की, त्यात काय!"

दादानं मानेनंच नको म्हटलं. मोजून टाकलेली शांतता त्याला नको होती. कुणाची तरी हाक येईपर्यंत थांबायचं, हे यंत्राला कोण सांगणार?

तो संचालकबाईंकडे गेला, बरोबर मी. पाटीवर होतं: "रेकॉर्डिंग सुरू करायचं बटण मला द्या."

"अहो, खेळ आता घड्याळावर आपोआप सुरू होतो," बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? त्या अंधाराच्या तक्रारी यायच्या. मुलं घाबरतात." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही आई आहात. तुम्हीच सांगा."

सांगण्यासारखं होतं. माझी मुलगी दिवा चालू ठेवून झोपायला लागली होती. शस्त्रक्रियेच्या आधी दादानं तिला समजावलं होतं, "जन्मायच्या आधी तू नव्हतीस, तेव्हा भीती वाटली का? मग नंतरची कशाला?" ती म्हणाली होती, "तेव्हा तू माहीत नव्हतास मला."

"घाबरतात," मी म्हटलं. "पण हाक मारतात. तेवढं तरी त्यांना करू द्या."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "एक खेळ करून बघू. गोंधळ झाला तर पुन्हा घड्याळ."

त्या खेळाला मुलगी यायला तयार नव्हती. मी जबरदस्ती केली नाही. तीच दारात बूट घालून उभी राहिली. आम्ही मध्यावर बसलो, संचालकबाई पलीकडच्या टोकाला. दादा मागे, कठड्यात.

दिवे गेले. खिदळणं झालं, शिट्टी झाली, एका शिक्षिकेचं "शू" झालं. मग शांतता पडली आणि लांबत गेली. कुणीच हाक मारेना. पोरं मोठ्या वर्गातली होती, त्यांना लाज वाटत असावी. कुठेतरी खुर्ची करकरली. बाई आता दिवे लावायला सांगणार, असं मला वाटलं. माझ्या मनगटात मुलीची नखं रुतली होती.

"मामा," ती म्हणाली. आवाज फाटलेला होता. "मामा, आहेस ना?"

मागून लाकडावर बोट वाजलं. ठक्.

आणि मग वरून, घसा बसण्याच्याही आधीचा वाटावा असा स्वच्छ आवाज आला, "मुलांनो, हा अंधारसुद्धा नव्हता." या वेळी कुणी हसलं नाही.

बटण दादाकडे राहिलं. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. मानेत पुन्हा एक गाठ लागली आहे आणि तपासणीचा निकाल यायचाय. मुलगी हल्ली दिवा बंद करू देते. पण झोपण्याआधी ती भिंतीवर एकदा ठोकते आणि अलीकडून मी ठोकेपर्यंत डोळे मिटत नाही. मी लगेच ठोकते. ती झोपल्यावरही मी कितीतरी वेळ हात भिंतीवरून काढत नाही.