सारंगनानांची गाठ

समुद्रावर काम करणाऱ्यांकडे किस्से का साठतात माहितीय? महिनोन्‌महिने तीच माणसं, तोच डेक आणि रुसून जायला दुसरी जागाच नाही! त्यात आम्ही बीड जिल्ह्याचे खलाशी. आमचे अर्धे किस्से गावात कुणाला खरेच वाटत नाहीत.

पण धर्मापुरीच्या नानांचे किस्से अगदी खरे. नाना आमचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. मी केजचा, माझा जोडीदार भारत लिंबागणेशचा. आम्हा दोघांना दोर धरायला नानांनीच शिकवलं.

* * *

जहाजावर नवीन होतो तेव्हाची गोष्ट. दोराची एक ओली गाठ काही केल्या सुटेना. मी सरळ चाकू काढला.

"चाकू ठेव बे!" मागून नाना. "गाठ सोडायची असती, कापायची न्हाई."

"नाना, लई घट्ट हाय."

"ज्यानं बांधली त्यानं जीव लावून बांधली. तू बी लाव की जरा!"

गोदामात नव्या दोराची भेंडोळी पडली होती. तरी हा माणूस माझ्याशेजारी फतकल मारून बसला आणि माझी नखं मोडेपर्यंत त्यानं माझ्याकडून ती गाठ सोडवून घेतली!

* * *

कामात नाना घड्याळासारखे. पण सुट्टी संपवून जहाजावर निघायचं म्हटलं की हमखास लेट! आम्ही केजच्या स्टँडवर ठरल्या एसटीला हजर, आणि नाना पुढच्या एसटीनं.

भारत वैतागायचा. "नाना, दर बारीला उशीर कावून?"

"घरी काम निघालं."

"काय काम?"

"हाय एक." आणि स्वतःशीच हसायचे. यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

* * *

वादळात आम्ही पोरं बादल्या धरून आडवे. नाना मात्र डेकवर उभ्यानं डाळ-भात खायचे! आणि हाच माणूस मांजरसुंब्याच्या घाटात एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकायचा.

एकदा कंडक्टरनं काळजीनं विचारलं, "बाबा, कामधंदा काय करता?"

"बोटीवर हाय."

अख्खी एसटी हसली. नानाही हसले, पुढची उलटी येईपर्यंत!

* * *

रिटायर झाल्यावर नाना फार दिवस जगले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, अस्थींचं गाडगं अंगणातल्या लिंबाला टांगलं आणि सांगितलं, "समुद्रात सोडायचं."

नानांचे धाकटे भाऊ भडकले. "गोदावरी हाकेवर असताना समुद्र कावून?"

"भावजी, हितं ते सुट्टीला यायचे. घर त्यांचं तिकडंच हुतं."

जिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता ती बाई हे बोलली.

* * *

काकूंना घेऊन आम्ही दोघं जीपनं निघालो. गाडगं त्यांच्या मांडीवर. घाट लागला तशा काकू म्हणाल्या, "काच खाली घ्या. ह्यांना घाट सोसत न्हाई."

भारतनं मुकाट्यानं काच खाली केली. मग तिघंही हसत सुटलो आणि तिघंही रडलो. जीप रस्त्यातच थांबलेली, आणि पाठीमागचा ट्रकवाला हॉर्न मारतोय!

* * *

होडीवाल्यानं खोल पाण्यात इंजिन बंद केलं. हट्टानं इथवर आलेल्या काकूंना आता गाडगं हातातून सोडवेना. बराच वेळ ते छातीशी धरून बसल्या. शेवटी आमच्यापुढं केलं.

तोंडाला लाल फडकं, वर सुतळी, काकूंनीच बांधलेली. आधी मी सोडवायला लागलो, मग भारत. जन्म दोरात गेला आमचा, पण गाठ हलेना! होडीवाल्यानं चाकू पुढं केला.

"कापायची न्हाई!" आम्ही ओरडलो. आणि आमच्याबरोबर काकूही!

मी बघतच राहिलो. "काकू, तुमाला कसं ठाव?"

त्यांनी गाडगं परत मांडीवर घेतलं.

"जायच्या दिवशी ह्यांची ब्याग मी बाजेच्या पायाला बांधून ठिवायचे. हीच गाठ. ह्यांनीच शिकवलेली. बसायचे सोडवत. एसटी जायची निघून... पर एकदा बी कापली न्हाई."

मग काकूंनी सुतळीचं एक टोक चिमटीत धरून हळूच मागं सारलं. गाठ सुटली.

"जावा आता," त्या म्हणाल्या, "गाडी चुकंल."